स्त्रीबीजाला जाग कशी येते

रक्तक्षयावरचं भाषण झाल्यापासून गटाच्या बैठकांमध्ये आम्हा सहयोगिनींना बऱ्याच जणी एकच प्रश्न विचारतात. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर दिवस राहतात का? कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं, की गर्भ राहायला कॅल्शियम लागतं. उत्तर आधीच देऊन टाकतो. गोळ्यांनी दिवस राहत नाहीत. आशाताई गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात त्या तिच्या आणि बाळाच्या हाडांसाठी असतात, शिवाय गरोदरपणात रक्तदाब वाढू नये म्हणूनही असतात. त्या जरूर घ्याव्यात. पण ‘गर्भ राहायला कॅल्शियम लागतं’ हे वाक्य खोटंही नाही. ते कॅल्शियम डब्यातल्या गोळीतलं नाही, स्त्रीबीजाच्या आत आधीपासून साठवून ठेवलेलं असतं, आणि ते योग्य वेळी मोकळं व्हावं लागतं. ते कोण मोकळं करतं, हे कळायला जगाला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. आज त्याचाच इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात आपल्याच बोलण्यापासून करू. पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे शेत, असं आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या म्हटलं जातं. मनुस्मृतीत बीज आणि क्षेत्र यांची चर्चा आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली बीज आणि भूमी याच कल्पनेवर एक मोठा निबंध लिहिला. ज्याचं बी त्याचं पीक, म्हणून मूल बापाचं, वंश बापाचा, आणि शेताचा हक्क काही नाही, असा अर्थ या कल्पनेतून कसा काढला जातो, ते त्यांनी दाखवलं. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. सोयाबीन उगवलं नाही तर आपण आधी बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग बघतो, कृषी खात्याकडं तक्रार करतो, पंचनामा मागतो. घरात पाळणा हलला नाही तर मात्र बियाण्याचं नाव कुणी काढत नाही, सगळा दोष शेताचा. हळदीकुंकवाला न बोलावणं, ओटी न भरणं, नवऱ्याचं दुसरं लग्न करून देणं, हे सगळं तिच्या वाट्याला. आमच्या गटांत अशा बायका आहेत आणि त्या हे भाषण ऐकत असतील.

युरोपातले लोक काही फार वेगळे नव्हते. १६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानं स्वतः घासून केलेल्या भिंगाखाली पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे जीव पाहिले. ते शुक्राणू. त्यानंतर १६९४ साली हार्टसोकर नावाच्या माणसानं एक चित्र छापलं. त्यात शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस होता. म्हणजे पूर्ण माणूस बापाकडूनच येतो, आईनं फक्त जागा द्यायची. आणि स्त्रीबीज? सस्तन प्राण्याचं, म्हणजे पिल्लाला दूध पाजणाऱ्या प्राण्याचं बीज डोळ्यांनी पाहायला १८२७ साल उजाडलं. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानं ते एका कुत्रीच्या बीजकोशात शोधलं. शुक्राणू दिसल्यानंतर दीडशे वर्षांनी! बाईचं बीज सापडायला अवघड होतं हे खरं. ते एका मिलिमीटरचा दहावा भाग एवढंच असतं आणि पोटात खोल असतं.

दोघांचं मिळून मूल होतं हे पक्कं झालं ते १८७६ साली, तेही समुद्रकिनारी. सी-अर्चिन नावाचा एक जीव असतो, चेंडूएवढा, अंगावर साळिंदरासारखे काटे. मादी हजारो-लाखो बीजं पाण्यातच सोडते आणि नरही शुक्राणू पाण्यातच सोडतो, त्यामुळं सगळा संसार काचेच्या बशीत बघता येतो. बीजं बऱ्यापैकी पारदर्शक असतात. जर्मनीच्या ऑस्कर हर्टविगनं त्यात बघितलं, की शुक्राणूचं केंद्र आत जातं आणि बीजाच्या केंद्राला मिळतं. त्यावरून समजलं, की अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा.

आता खरा प्रश्न उभा राहिला. बीज तर आधीपासून तयार आहे, त्यात अन्न आहे, सगळी यंत्रणा आहे. मग ते स्वतःहून वाढायला का लागत नाही? आपण पोल्ट्रीची अंडी आणतो ती खुडूक कोंबडीखाली ठेवली तरी पिल्लू निघत नाही, कारण तिथं कोंबडाच नसतो. कोंबडा नेमकं असं काय देतो?

इथं बाईच्या बीजाची एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंगात तिची बीजं तयार झालेली असतात. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते बीज तुमची आई तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा तयार झालं. तिथंच त्याची वाटणी सुरू होते आणि अर्ध्यात थांबते. वाटणी म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांची निम्मी-निम्मी विभागणी. ते थांबलेलं बीज पंधरा, वीस, तीस वर्षं तसंच राहतं. पाळी सुरू झाल्यावर ज्या महिन्यात त्याची पाळी येते त्या महिन्यात ते पुन्हा थोडं पुढं सरकतं, बीजकोशातून बाहेर पडतं आणि दुसऱ्यांदा थांबतं. या दुसऱ्या थांब्यावर ते साधारण एक दिवस टिकतं. तेवढ्यात जाग आली तर पुढचा प्रवास, नाही तर संपलं.

ही जाग माणसाच्या हातानं आणता येईल का, याचा प्रयोग जाक लोब यानं १८९९ साली केला. तो जर्मनीचा, नोकरीला अमेरिकेत, आणि उन्हाळ्यात वुड्स होल नावाच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत यायचा. त्यानं सी-अर्चिनची बीजं घेतली, समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण बदललं, त्यात बीजं काही वेळ ठेवून पुन्हा साध्या समुद्राच्या पाण्यात घातली. एकही शुक्राणू नसताना ती बीजं वाढायला लागली आणि त्यातून पोहणारी पिल्लं झाली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी रसायनातून जीव निर्माण केल्याच्या थाटात बातम्या छापल्या. तसं काही नव्हतं, बीज आईचंच होतं. १९१० साली फ्रान्समध्ये बताइयाँ नावाच्या शास्त्रज्ञानं बेडकीच्या बीजाला बारीक सुई टोचूनच ते जागं केलं. म्हणजे वाढण्याची सगळी ताकद बीजात होतीच, हवा होता फक्त एक धक्का. मग शुक्राणू जो धक्का देतो तो कसला?

याच वुड्स होलला १९०९ पासून एक तरुण दर उन्हाळ्यात यायला लागला, अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. काळा माणूस. अमेरिकेत तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळत नव्हती, म्हणून तो काळ्यांसाठीच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचा आणि उन्हाळाभर समुद्री जीवांची बीजं बघत बसायचा. त्याचा हात इतका चांगला होता, की बीजं कशी हाताळायची, भांडी किती स्वच्छ हवीत, पाणी किती गार हवं, हे विचारायला इतर शास्त्रज्ञ त्याच्याकडं यायचे. त्यानं बघितलं, की शुक्राणू ज्या ठिकाणी चिकटतो तिथून बदलाची एक लाट निघते आणि बीजाच्या पृष्ठभागावरून पलीकडं जाते. ही लाट पुढं गेली की दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही. त्याचं ठाम म्हणणं होतं, की बीज म्हणजे पडून राहिलेला गोळा नव्हे, ते स्वतः काम करतं. त्याच्या हयातीत त्याला हवा तसा मान मिळाला नाही. शेवटी तो युरोपात गेला, तिथं महायुद्धात जर्मनांनी त्याला काही काळ अटकेत ठेवलं, आणि १९४१ साली तो वारला. शेत मुकं असतं असं मानणाऱ्या काळात बीजाच्या बाजूनं बोलणारा हा माणूस, म्हणून आम्ही त्याच्यापाशी जरा जास्त थांबलो.

त्याला जी लाट दिसली ती कशाची होती हे त्याला सांगता आलं नाही. त्यासाठी कॅल्शियमची ओळख व्हावी लागली.

तुमच्याकडं बोअरचं पाणी जड असतं, हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तो बराचसा कॅल्शियमचा. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून त्यावर प्रयोग करत. एकदा असं दिसलं, की हृदय अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ ठोके देत राहिलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की मदतनिसानं शुद्ध केलेलं पाणी न वापरता सरळ नळाचं पाणी वापरलं होतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३ साली रिंगर यांनी ते छापलं. कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं एवढंच लोकांना माहीत होतं. ते शरीरात निरोप्याचं कामही करतं हे इथून कळायला लागलं. पुढं १९३७ साली डॅनियल मेझिया यानं सी-अर्चिनच्या बीजांत मोजून दाखवलं, की शुक्राणू आत गेल्यानंतर बीजातलं मोकळं कॅल्शियम वाढतं. पण त्यासाठी बीजं फोडावी लागत. जिवंत बीजात ते कसं वाढतं, कुठून कुठं जातं, हे बघायची सोय नव्हती.

ती सोय एका जेलिफिशनं करून दिली. ही गोष्ट आम्हाला फार आवडते. ओसामु शिमोमुरा हा जपानी माणूस. नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि जवळच्याच गावात होता, त्या झगमगाटानं काही क्षण त्याचे डोळे दिपले होते. मोठेपणी तो उजेड देणाऱ्या जीवांचा अभ्यास करायला लागला. १९६१ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला गेला. तिथल्या समुद्रात एक जेलिफिश असतो, त्याच्या कडेला हिरवट उजेड पडतो. रोज जाळीनं जेलिफिश पकडायचे, कात्रीनं त्यांची कड कापायची, पिळून रस काढायचा. पण उजेड कशानं पडतो ते कळेना. एका दिवशी उरलेला रस त्यानं मोरीत ओतला आणि मोरी एकदम निळ्या उजेडानं भरून गेली. मोरीत समुद्राचं पाणी येत होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं! त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलिफिशमधून त्यानं चिमूटभरही नाही एवढा पदार्थ मिळवला. त्याचं नाव इक्वोरिन. त्याला कॅल्शियम भेटलं की तो उजेड देतो. त्याच जेलिफिशमधल्या दुसऱ्या, हिरव्या प्रथिनासाठी २००८ साली शिमोमुराला नोबेल मिळालं, पण आपल्या गोष्टीत काम केलं ते इक्वोरिननं.

आता शास्त्रज्ञांना दिवा मिळाला. बीजात थोडं इक्वोरिन टोचायचं, अंधारात ठेवायचं, शुक्राणू सोडायचा आणि उजेड पडतो का बघायचं. जपानमध्ये भातखाचरात मेडाका नावाचा छोटा मासा असतो, त्याचं बीज स्वच्छ काचेसारखं. १९७७ साली अमेरिकेतल्या रिजवे, गिल्की आणि जॅफी या तिघांनी त्यात पाहिलं, की शुक्राणू शिरताच कॅल्शियम एकदम भडकतं. पुढच्या वर्षी त्याची लाटही दिसली. शुक्राणू शिरल्याच्या जागेपासून ती निघते आणि काही मिनिटांत पलीकडच्या टोकाला पोचते. जस्टनं वुड्स होलला बघितलेल्या लाटेच्या पोटात कॅल्शियम होतं, असं आता म्हणता आलं. त्याआधी १९७४ मध्ये स्टाइनहार्ट, एपेल आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. पेशीत कॅल्शियम मोकळं करणारं एक औषध, आयनोफोर, त्यांनी सी-अर्चिनपासून हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यापर्यंत वेगवेगळ्या जीवांच्या बीजांना दिलं. शुक्राणू नसतानाही बीजं जागी झाली. म्हणजे लोबचे क्षार, बताइयाँची सुई, हे सगळे धक्के शेवटी एकाच कडीवर पडत होते.

मग आली आपली, म्हणजे दूध पाजणाऱ्या प्राण्यांची पाळी. १९८१ साली ब्रिटनमध्ये कथबर्टसन, व्हिटिंगहॅम आणि कॉबोल्ड यांनी उंदराच्या बीजात इक्वोरिन टोचलं. उंदराचं बीज इतकं बारीक, की उजेड डोळ्यांना दिसतच नाही, यंत्रानं मोजावा लागतो. त्यांना दिसलं ते वेगळंच होतं. माशात एकच मोठी लाट येते आणि संपते. इथं कॅल्शियम वाढलं, उतरलं, काही मिनिटं शांत, पुन्हा वाढलं, पुन्हा उतरलं. बाळंतपणाच्या कळा कशा येतात, मध्ये थांबून, पुन्हा? तसंच. उंदरात साधारण दहा-वीस मिनिटांनी एक लाट, आणि असं काही तास चालतं. माणसाच्या बीजातही असंच होतं हे १९९३ साली दिसलं. दर कळेला बीजातलं मोकळं कॅल्शियम सुमारे दहा पटींनी वाढतं आणि पुन्हा खाली येतं.

या कळा करतात काय? पहिलं काम दार लावण्याचं. बीजाच्या कडेला बारीक पुरचुंड्या असतात, कॅल्शियम वाढलं की त्या बाहेर फुटतात आणि त्यातल्या रसानं बीजाचं बाहेरचं कवच कडक होतं. दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही, आणि तो आला तर गुणसूत्रांचा हिशेब चुकून गर्भ टिकत नाही. दुसरं काम थांबलेली वाटणी पुरी करण्याचं. बीजाला त्या दुसऱ्या थांब्यावर धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, कॅल्शियमच्या निरोपानं ते मोडून टाकलं जातं, मग बीज आपल्या गुणसूत्रांचा जास्तीचा वाटा एका छोट्या पिशवीत बाहेर टाकतं आणि बापाच्या वाट्यासाठी जागा होते. एका कळेत हे सगळं होत नाही. दार लवकर लागतं, वाटणीला जास्त कळा लागतात. म्हणून कळा कमी पडल्या तर काम अर्धवट राहतं.

आता वादाचा मुद्दा. शुक्राणू या कळा सुरू कशा करतो? काही शास्त्रज्ञ म्हणत, तो बाहेरून दाराची कडी वाजवतो आणि बीज आतून ऐकतं. काही म्हणत, नाही, तो आत शिरून काहीतरी सोबत आणलेलं बीजात सोडतो. १९९० साली ब्रिटनच्या कार्ल स्वान यांनी हॅम्स्टरच्या शुक्राणूंचा अर्क काढला आणि तो बीजाच्या आत टोचला. कळा सुरू झाल्या, अगदी खऱ्या फलनासारख्या. १९९२ साली टोकियो महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या मियाझाकी यांनी दाखवलं, की बीजात कॅल्शियमची कोठारं असतात, त्यांना दारं असतात, आणि ती दारं अडवून धरली तर कळा येतच नाहीत. (हे महाविद्यालय १९०० साली योशिओका यायोई या बाईंनी मुलींना डॉक्टर होता यावं म्हणून काढलं.) आणि त्याच १९९२ साली बेल्जियममध्ये ब्रसेल्सला पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सी नावाच्या उपचाराची पहिली बाळं जाहीर केली. इक्सी म्हणजे बारीक काचेच्या सुईनं एकच शुक्राणू उचलून सरळ बीजाच्या आत सोडायचा. इथं बाहेरून कडी वाजवायचा प्रश्नच येत नाही, तरी बीजं जागी होतात. त्यामुळं ‘आत काहीतरी सोडतो’ हे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम झाली.

पण ते काय? १९९६ साली स्वान, लाई आणि पॅरिंग्टन यांच्या गटानं एका प्रथिनाचं नाव जाहीर केलं. फार गाजावाजा झाला. मग तेच प्रथिन शुद्ध करून बीजात घातलं तर काहीच होईना. ते प्रथिन हे नव्हतंच. शोध पुन्हा सुरू झाला आणि २००२ साली वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठातून लाई आणि स्वान यांच्याच गटानं खरं उत्तर दिलं. पीएलसी-झीटा नावाचं प्रथिन. ते फक्त शुक्राणूत असतं. त्याची आज्ञावली उंदराच्या बीजात घातली की कळा येतात आणि गर्भ पहिल्या पायऱ्या चढतो. शुक्राणूच्या अर्कातून तेवढंच काढून टाकलं तर अर्क निकामी होतो. हे प्रथिन बीजात शिरल्यावर तिथल्या एका स्निग्ध पदार्थाचा तुकडा पाडतं, तो तुकडा कोठाराच्या दाराला जाऊन लागतो, दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं. कोठार आईचं, दार आईचं, कॅल्शियम आईचं. किल्ली मात्र बापाकडून येते.

म्हणून किल्लीच नसेल तर? २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा पुरुषांचे शुक्राणू तपासले, ज्यांच्या जोडप्यांत इक्सी करूनही बीज फळत नव्हतं. काहींच्या शुक्राणूत हे प्रथिन नव्हतंच, आणि त्यांच्यानं बीजात कळा सुरू होत नव्हत्या. पुढं या प्रथिनाच्या आज्ञावलीतच बिघाड असलेले पुरुष सापडले, २०१६ साली तर असे दोन सख्खे भाऊ. अशा काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या ठीक असते, वळवळही ठीक असते, त्यामुळं साध्या वीर्यतपासणीत सगळं बरोबर दिसतं. इक्सीच्या शंभर प्रयत्नांत साधारण एक ते तीन प्रयत्नांमध्ये एकही बीज फळत नाही. त्यातल्या काहींचं कारण हे असतं, सगळ्यांचं नाही. कधी बीजाचीच तयारी अपुरी असते. ही गोष्ट विरळ आहे हे आम्ही मुद्दाम सांगतो, नाही तर उद्या गावात आता सगळे पुरुषच दोषी ठरायचे. पण यातून एक काम मात्र सोपं होतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांची तपासणी एकाच वेळी करायला सांगा. वीर्यतपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, त्यात कुणाला टाके पडत नाहीत. बाईच्या दहा तपासण्या झाल्यावर नवऱ्याची एक करायची, हा क्रम आमच्या डोक्यात कधीच बसला नाही.

हे सगळं पाहता आलं कारण बीज शरीराबाहेर, काचेच्या बशीत फळवता यायला लागलं. त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मली. लगेच ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या उपचारातून दुर्गा जन्मली. पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशा लागल्या, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारातून हर्षा जन्मली. या कामात त्यांच्यासोबत असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी नंतर मुखर्जींची टिपणं वाचली आणि पहिला मान त्यांचा आहे असं जाहीरपणे लिहिलं. असं मोकळ्या मनानं लिहिणारे थोडे.

किल्ली नसलेल्यांसाठी आता एक उपाय आहे. इक्सीनंतर बीजं थोडा वेळ त्याच १९७४ च्या आयनोफोरच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे कॅल्शियम मोकळं होतं. यातून मुलं जन्माला आली आहेत. पण हे सरसकट सगळ्यांना द्यायचं औषध नाही, आधी कारण शोधावं लागतं. कुणी केंद्र पहिल्याच भेटीत असं जादाचं काही सुचवत असेल तर का हे विचारा, आणि केंद्राची २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का तेही बघा. खर्च मोठा असतो. गटातून कर्ज उचलण्याआधी तरी विचाराच.

मोबाईलवर एक गोष्ट फिरते, गर्भ राहतो त्या क्षणी उजेड चमकतो अशी. तिच्या मुळाशी २०१६ सालचा शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला प्रयोग आहे. कॅल्शियम वाढलं की बीज जस्ताचे कण बाहेर फेकतं, आणि तिथं जस्ताला लागून चमकणारा रंग आधी घालून ठेवलेला होता. उजेड त्या रंगाचा होता. शिवाय माणसाच्या बीजांवरच्या त्या प्रयोगात शुक्राणू वापरलेच नव्हते, बीजं दुसऱ्या मार्गानं जागी केली होती. तेव्हा आत्मा शिरला वगैरे पुढं ढकलू नका.

आणि किल्ली सापडली म्हणून शोध संपला असंही नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी असे नर उंदीर तयार केले, ज्यांच्या शुक्राणूत पीएलसी-झीटा अजिबात नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, यांना पिल्लं होणारच नाहीत. पिल्लं फार कमी झाली, बऱ्याच बीजांत एकाहून जास्त शुक्राणू शिरले, कारण दार वेळेवर लागलं नाही. पण थोडी पिल्लं झाली. उशिरानं का होईना, काही बीजांत दोन-चार कळा आल्या होत्या. म्हणजे दुसराही कुठला तरी मार्ग आहे, त्याचा तपास प्रयोगशाळांत चालू आहे.

पुढच्या भाषणात जुळी कशी होतात ते बघू. प्रश्न असतील तर गटाच्या वहीत लिहून सहयोगिनीकडं द्या, नाव लिहायची गरज नाही. नमस्कार.